आईची पांढरी साडी

आज नोएडातल्या फ्लॅटची टाकी धुतल्यावर नळाच्या पाण्याला गंजाचा वास आला आणि मी मनानं थेट गाझियाबादच्या आमच्या जुन्या गच्चीवर पोचले.

तिथं बोअरचं पाणी बादलीत पडताना स्वच्छ दिसायचं आणि तासाभरात पिवळं व्हायचं. आमचे सगळे पांढरे कपडे तांबूस झाले होते. पांढरे कपडे घालायची बुद्धपौर्णिमा तोंडावर आली, तेव्हा बाबांनी पिंपात वाळू भरली आणि वरच्या झाकणाला भोकं पाडली.

"पाण्याला हवा लागली की त्यातल्या लोहाचा गंज होतो. तो वाळूत अडकेल," ते म्हणाले.

झाकणातून बारीक धारा पडू लागल्या, तशी मी उड्याच मारायला लागले. खालच्या तोटीतून ग्लासात घेतलेलं पाणी दुपारपर्यंत नितळ राहिलं! शेजारच्या आंटी ओरडल्या, "अरे, ये तो बिल्कुल साफ है!"

"आधी एखादा फडका भिजवून बघ," बाबा आईला म्हणाले.

"कशाला? ग्लासात दिसतंय की!" असं म्हणत आईनं नागपूरहून आणलेली, या पाण्यापासून जपलेली एकुलती एक पांढरी साडी बादलीत बुडवली.

साडी शुभ्र वाळली. मी बाबांसाठी टाळ्या वाजवल्या. आईनं त्या दिवशी काय पणाला लावलं होतं, ते मला आता कळतंय.