डाव्या अंगाची रेघ

रशियातल्या एका फुटबॉल क्लबाचे सगळे खेळाडू मला पाठमोरे ओळखू येतात. तिथं मी कधी गेलो नाही, जाईन असं वाटतही नाही. त्या गावाचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. पण बर्फ पडून शर्टावरचे नंबर झाकले गेले तरी कोण पळतोय ते मी नवी मुंबईत महाप्याच्या ऑफिसात बसून सांगतो, आणि त्यावरच माझं पोट चालतं.

काम सांगितलं की गावाकडं कुणाला पटत नाही. पडद्यावर परदेशातला सामना चालू असतो. चेंडू कुणाकडून कुणाकडं गेला, कुणी हिसकावला, कुणाच्या चुकीनं गेला, हे आम्ही तिथल्या तिथं बटणं दाबून नोंदवायचं. ते पुढं परदेशातल्या एका कंपनीकडं जातं. तिथून कुठं जातं हे आम्हाला सांगत नाहीत, आम्हीही विचारत नाही. सट्टेवाल्यांना ही माहिती इतरांपेक्षा डोळ्याचं पातं लवण्याइतकी जरी आधी मिळाली तरी तिचं सोनं होतं म्हणे. म्हणून दारातच फोन काढून घेतात. बाथरूमला जरा वेळ लागला तर बाहेर आल्यावर कुणीतरी नुसतं बघतं. बोलत नाही, बघतं. अशा ठिकाणी माणूस हळूहळू स्वतःकडंही तसंच बघायला लागतो.

मला या खुर्चीवर बसवलं ते ताईंनी. त्या आमच्या सुपरवायझर, इथल्याच खाडीकाठच्या गावातल्या. आमची बिल्डिंग आहे तिथं त्यांच्या आजेसासऱ्यांची भातशेती होती. मी साताऱ्याच्या माण भागातला. सातवीनंतर शाळा सुटली, बरीच वर्षं मेंढरं वळली, मग इथं येऊन त्याच बिल्डिंगचे मजले पुसायला लागलो. एक दिवस ताईंनी थांबवून विचारलं, "फुटबॉल बगतस का रं?"

"न्हाय ताई. कधीच न्हाय."

"मंग बरा हायेस. बगनारी पोरं मना नको. त्यांचा जीव जिकन्यात अरकतो न् बोटं चुकतात."

दाखला मागितला नाही, मार्कशीट मागितली नाही. त्या दिवशी जुईनगरच्या खोलीवर जाऊन मी देवापुढं अगरबत्ती लावली, आणि अगरबत्ती विझायच्या आत मनात आलं, या बाईचा यात काय फायदा असेल?

ऑफिसची पद्धत अशी, की प्रत्येकाला एक क्लब नेमून देतात आणि खेळाडूंच्या आधी त्याचा इतिहास घोटून घ्यायला लावतात. सोयरीक जमवताना घराणं विचारतात तसं. माझा क्लब एका ट्रॅक्टर कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला. ट्रॅक्टरला लावायचा तोच तांबडा रंग शर्टाला. पुढं राज्य बदललं, कारखाना बसला, क्लबाचं नाव बदललं, मालक बदलले, परत नाव बदललं. एकेकाळी वरच्या गटात मोठमोठ्यांना पाणी पाजलेलं, आता दुसऱ्या गटात कसाबसा टिकून. ऐकताना मला पहिल्यांदा हसू आलं नाही, धसका बसला. आमच्याकडं भिशीची एक कंपनी अशीच नावं बदलत बदलत एक दिवस गायब झाली होती. हा क्लब खरंच आहे ना, म्हणून मी शेजारच्या खुर्चीवरच्या गड्याला विचारलंसुद्धा.

तो ऐरोलीचा. म्हणाला, "ए सातारा, अख्खी टीम तुझ्यासमोर पळतेय ना? मग? तुला काय क्लबाचं आधार कार्ड पाहिजे का?"

खेळाडूंची नावं जिभेला झेपेनात, म्हणून मी त्यांना आपली नावं ठेवली. गोलकीपर पोलीस पाटील. सगळ्यांवर ओरडणारा कॅप्टन सरपंच. पुढं पळणारा लांब पायांचा पोरगा करडू. आणि उजव्या कडेनं बचाव करणारा, वयानं सगळ्यांत थोर, तो मामा. डोक्यावर केस कमी, उजवा पाय किंचित बाहेर टाकत पळायचा. मेंढरं सगळी सारखीच दिसतात असं न वळणाऱ्याला वाटतं. वळणाऱ्याला एकेकीची चाल पाठ असते. मामाची चाल मला अशी पाठ झाली होती की ऑफिसातून निघाल्यावर रस्त्यात कुणी तसा पाय टाकला तरी मी वळून बघायचो.

हा मामा गेल्या हिवाळ्यानंतर बिघडला. पायाशी आलेला चेंडू सोडायला लागला. समोरचा गडी खेटून जायचा आणि मामा तिसरीकडंच बघत असायचा.

"विकला गेला रे तुझा मामा," ऐरोलीवाला हसत म्हणाला. "म्हातारपणाची सोय करतोय."

तो हसून मोकळा झाला. माझ्या मनात मात्र कुसळ रुतलं. मामा चुकायच्या आधी मान गर्रकन डावीकडं फिरवतो हे मला दिसायला लागलं. ही कुणाला खूण तर नाही? चुकल्यावर तो कपाळाला हात लावत नाही. म्हणजे ठरवूनच ना? पण बटणाच्या रांगेत शेवटी 'शंका' असं एक बटण आहे, ते माझ्यानं दाबवेना. ते दाबलं की चौकशी लागते आणि माणूस सुटला तरी डाग राहतो.

शेवटी वरूनच विचारणा आली. ताईंनी मला जिन्यात बोलावलं.

"त्यांना त्या मामाचा संशय हाय. न् तुजा पन."

"माझा?"

"येवऱ्या चुका तू लिवल्यास, न् येकदापन शंका नाय दाबलीस. त्यांना वाटतं तुला कोनीतरी गप बसवलाय. शनवारच्या मॅचआदी सांग, शंका हाय का नाय. आपन 'नाय' बोललो न् उद्या तो खराच विकलेला निंगाला, तर तू घरी. न् तुला आनला म्हनून मी पन."

गावाकडं मी हापिसात लागलो म्हणून आईनं वाडीभर पेढे वाटले होते. ते आठवलं. आणि ताईंची दोन पोरं कॉलेजात आहेत, तेही आठवलं.

मी मामाचे जुने सामने मागून घेतले आणि दुपारभर बघत बसलो. एखादं मेंढरू मागं पडायला लागलं की आम्ही नुसतं त्याचे पाय बघत नाही. ते कोणत्या अंगानं बुजतं ते बघतो. मामाकडं तसं बघितलं. उजवीकडून आलेला एकही चेंडू त्यानं सोडला नव्हता. सुटले ते सगळे डावीकडून आलेले. आणि उजव्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाला सगळा खेळ डावीकडूनच येतो. ती गर्रकन फिरणारी मान खूण देत नव्हती, शोधत होती.

तेव्हा मला माझे चुलते दिसले. तरुणपणी बाभळीच्या काट्यानं त्यांचा डावा डोळा गेला होता, पण बाहेर कुणाला पत्ता नव्हता. मेंढरं नेताना ते डोंगर कायम डाव्या अंगाला ठेवायचे, कळप उजवीकडं. लग्नाच्या पंगतीत त्यांना भिंतीकडचं टोकच लागायचं, भिंत डाव्या हाताला. लोक म्हणायचे, मानाचा हट्ट आहे म्हाताऱ्याचा. एकदा मी डावीकडून पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्यांच्या हाताला लागून सांडला. तेव्हा मला कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नुसतं म्हणाले, "पुन्यांदा हिकडनं ये."

ताईंना मी हे सगळं सांगितलं, चुलत्यांच्या पंगतीसकट.

"मंग डोला गेलाय असा लिवू?"

"नका लिहू ताई. क्लब त्याला काढून टाकंल. आणि ही बातमी सट्टेवाल्यांच्या हातात गेली तर त्याच्या डाव्या अंगावरच पैसे लावतील."

"तुजी खात्री हाय?"

खोटं बोलवेना. "न्हाय," म्हणालो.

ताईंनी माझ्याकडं बघितलं, ऑफिसात सगळे बघतात तसंच. मग म्हणाल्या, "बरा. त्यांनी चेंडूचा विचारलाय, डोल्याचा नाय. शंका नाय, येवराच लिवते."

इतक्या सहज कशा मानल्या? उद्या उलटलं तर 'यानंच सांगितलं' म्हणून मला पुढं तर करणार नाहीत? जिनं भाकरीला लावलं तिचाच संशय घेऊन मी दोन रात्री तळमळलो. लाज वाटत होती, पण संशय काही हटत नव्हता.

शनिवारी सामना लागला. मामाच्या जागेवर एक कोवळा पोरगा उभा.

"गेला तुझा मामा," ऐरोलीवाला म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

त्याला काढला म्हणजे क्लबालाही काही कळलं होतं. काय कळलं होतं, मी म्हणतो ते की कंपनी म्हणते ते? चेंडू फिरायला लागला, मी बटणं दाबत राहिलो, आणि मैदानाच्या पार पलीकडच्या कडेला कुणीतरी उजवा पाय किंचित बाहेर टाकत पळताना दिसलं.

मामा होता. डाव्या बाजूला. मैदानाची पांढरी रेघ त्याच्या डाव्या हाताला, आणि रेघेपलीकडं बघण्यासारखं काहीच नाही. सगळा खेळ उजवीकडून येत होता. त्यानं स्वतः सांगितलं असेल, की कोचनं ओळखलं असेल, मला कधी कळणार नाही. पहिला चेंडू आला, त्यानं छातीवर घेतला आणि सरपंचाकडं दिला. मी बटण दाबलं. दुसरा आला, तोही नीट दिला. मान एकदाही फिरली नाही.

तरी माझं मन म्हणतच होतं, आज नीट खेळायचं ठरलं असेल तर?

माझ्या खुर्चीमागं ताई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. पडद्याकडं बघत हळू आवाजात म्हणाल्या, "बसला का रं पंगतीत, भिंतीकरं?"

"बसला ताई," मी म्हणालो. तेवढ्यात करडानं चेंडू मागं टाकला, तो मामाकडं निघाला, आणि मामा पोचायच्या आधीच माझं बोट 'चेंडू घेतला'च्या बटणावर गेलं होतं.