छताजवळची जाळी

दिरांच्या द्राक्षबागेच्या कडेला आमची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, आता कायमची उभी आहे. चाकांना विटा लावल्यात, दारापुढे तुळस आहे. निफाडची थंडी पडायच्या आत आज ह्यांनी फटी बुजवायला घेतल्या. माझ्या जुन्या सुती साडीच्या चिंध्या प्रत्येक फटीत गेल्या. मग छताजवळच्या जाळीवर गोणपाट आलं.

"अहो, ती जाळी राहू द्या. आत शेगडी पेटणार ना?"

"अगं, बागेत नाही का पहाटे शेकोट्या पेटवत? द्राक्षं जगतात, आपणही जगू."

"बागेला छप्पर नसतं," मी म्हटलं.

बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, ही बातमी दर हिवाळ्यात वाचते. जे अंगाला बोचतं ते बाहेर ठेवायला आपण दारं लावतो. उबेवर मात्र कुणी संशय घेत नाही.

ह्यांनी गोणपाट काढलं. तरी मी स्टुलावर चढून जाळीशी हात धरला. वारा गारच होता.

"थंडी वाजेल हं," ते म्हणाले.

"वाजू दे. थंडीनं जाग तरी येते."