डबा समोर, मगच सुई

तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘इन्फॉर्मेटिक्स नर्स’ असं छापून आलं, त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे चार महिने थांबलं नाही. आमचं हॉस्पिटल उल्हासनगरातलं, खासगी, फार मोठं नाही. तिथल्या मेडिकल वॉर्डात मी बावीस वर्षं काढली. ती कात्रपची पोरगी, सहा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून माझ्याच हाताखाली आली होती. सलाईन लावताना तिचा हात थरथरायचा, तेव्हा तिचं मनगट धरून ठेवायचे ती मी. पुढे ती आयसीयूत गेली. आणि आता वॉर्डातले सगळे कागद कॉम्प्युटरवर न्यायचं ठरलं, तर ते काम तिला मिळालं.

नोटीस लागली तेव्हा मी ती दोनदा वाचली होती. बी.एस्सी. नर्सिंग, रुग्णांजवळ काम केल्याचा अनुभव आणि इन्फॉर्मेटिक्सचा कोर्स. माझं शिक्षण डिप्लोमाचं. अनुभव म्हणाल तर माझ्या पायांवरच्या फुगलेल्या शिरा बघा. मी मेट्रन मॅडमना विचारलंच, “हा कोर्स केला की वेगळा परवाना मिळतो का?”

त्या म्हणाल्या, “परवाना नर्सचाच. वॉर्ड कसा चालतो ते जिला कळतं आणि ते मशीनला समजावून सांगता येतं, ती इन्फॉर्मेटिक्स नर्स.”

“मग पहिलं अर्धं माझ्याकडे आहे,” मी म्हटलं. त्या नुसत्या हसल्या आणि फोन घ्यायला वळल्या.

तिचं काय काय माझ्या डोळ्यांत खुपायचं ते सांगायला मला आता लाज वाटत नाही. तिची चाकांची खुर्ची. तिच्या खोलीतला एसी. डॉक्टर तिला ‘मॅडम’ म्हणायचे, मी मात्र बावीस वर्षांनंतरही ‘ओ सिस्टर’. ती मला अजूनही ताई म्हणायची, वाटेत भेटली की डब्यात काय आहे विचारायची, आणि त्याने तर माझ्या अंगाचा आणखी तिळपापड व्हायचा. घरी, अंबरनाथला, मी तिच्याबद्दल कुरकुर केली तर माझी मुलगी म्हणाली, “आई, भारी जॉब आहे हा. तू का नाही केलास कोर्स?” त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही. खरं म्हणजे मी चोरून तो कोर्स फोनवर शोधला होता, अर्धा फॉर्म भरलाही होता. ‘पदवी’च्या रकान्यापाशी थांबले आणि फोन उशीखाली सरकवला.

एका सोमवारी शिवमंदिरात गेले, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात हात जोडले, आणि मागितलं काय, तर तिचं ते सॉफ्टवेअर बंद पडू दे. बावीस वर्षांची नोकरी आणि देवाकडे हे मागणं.

मग ती आमच्या वॉर्डात आली. दोन दिवस वही घेऊन प्रत्येकीच्या मागे फिरली. हे कधी करता, असंच का करता, कोण सांगतं. आमच्या तरुण सिस्टर तिला कौतुकाने उत्तरं देत होत्या. मी मात्र विचारलं तेवढंच बोलत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सगळ्यांसमोर यादी वाचून दाखवली. “नाश्त्याआधीचं इन्सुलिन, सकाळी आठ. आठपर्यंत दिल्याची नोंद झाली नाही तर पेशंटच्या नावापुढे लाल खूण येईल.”

आता आमच्या वॉर्डाची एक रीत आहे. ती कुठेही लिहिलेली नाही. उल्हासनगरात पेशंटचा डबा घरून येतो. हॉस्पिटलचे उपमा-पोहे आमच्या सिंधी आज्यांना चालत नाहीत, त्यांना घरची कोकी लागते, जाड, कांदा घातलेली पोळी. ती साडेआठला येते, कधी नऊला. म्हणून आम्ही घड्याळ बघून नाश्त्याआधीचं इन्सुलिन देत नाही. डबा समोर, मगच सुई. नाहीतर पोट रिकामं आणि साखर धाडकन खाली. आयसीयूत जेवण किचनमधून ठरल्या वेळी येतं, त्यामुळे तिला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. आणि शिकाऊ मुलींना आम्ही इन्सुलिनला हात लावू देत नव्हतो.

तिने वही मिटली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, काही राहिलंय का?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “मला काय कळतंय त्यातलं. तू शिकलेली आहेस.”

हे बोलताना मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

नव्या पद्धतीच्या पहिल्या सकाळी मी आठ वाजता ड्यूटीवर आले. रात्रपाळीची सिस्टर बॅग खांद्याला लावून तयार होती. “सगळं हिरवं आहे बघा,” ती म्हणाली. आपल्या नावावर लाल खूण नको म्हणून तिने पावणेआठलाच सगळ्यांना इन्सुलिन देऊन टाकलं होतं. मी सात नंबरच्या खाटेकडे पाहिलं. तिथल्या अम्मा ऐंशीला टेकलेल्या, डबा अजून यायचा होता. दोन बिस्किटं आणि कपभर दूध द्यायला हवं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी म्हटलं, थांबू. साडेआठला ती पोरगी स्वतः पाहायला येणार होती. तिला दिसू दे, तिची यादी कशी आहे ते.

मग तीन नंबरला ओकारी झाली आणि मी तिकडे अडकले. परत आले तेव्हा अम्मांचं कपाळ घामाने ओलं होतं आणि हात चादरीवर थरथरत होते. साखर तपासली, अठ्ठेचाळीस. मी ग्लुकोजचं पाणी घोट घोट पाजलं, डॉक्टरांना बोलावलं. वीस मिनिटांत त्या माणसात आल्या. घाम माझाही निघाला होता. अम्मांनी माझा हात धरून हळूच विचारलं, “सिस्टर, कोकी तो आई नहीं थी. तूने सुई कैसे लगाने दी?”

मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसत राहिले.

ती धावत आली. अम्मांजवळ बसली, सून डबा घेऊन येईपर्यंत उठली नाही. मग मला म्हणाली, “ताई, घटनेचा फॉर्म तुम्ही भराल ना? ड्यूटीवर तुम्ही होता.” तिनेच बनवलेला फॉर्म. मराठीतही लिहिता येईल अशी सोय तिने आमच्यासाठी ठेवली होती, आणि त्यावरून मी तिची चेष्टा केली होती. एका बोटाने अक्षरं शोधत मी लिहीत गेले. शेवटी प्रश्न होता, असं होऊ शकतं याची कुणाला आधी कल्पना होती का? मी ‘हो’ वर दाबलं. खाली नवा रकाना उघडला: मग सांगितलं का गेलं नाही?

‘घाईत राहून गेलं’ असं लिहिलं. पुसलं. ‘विचारलं नाही’ असं लिहिणार होते, पण तिने तर विचारलं होतं, सगळ्यांसमोर. शेवटी माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, मला हिचा हेवा वाटत होता. फॉर्म पाठवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. नोकरी जाईल असंच वाटत होतं.

मेट्रन मॅडमनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. फॉर्मची छापील प्रत त्यांच्यापुढे होती. माझ्या वाक्याखाली त्या पोरीने स्वतःचं लिहिलं होतं: मी विचारलं, पण दुपारी विचारलं. एक सकाळ डबा येईपर्यंत वॉर्डात उभी राहिले असते तर विचारावंच लागलं नसतं. ही चूक माझ्या कामातली आहे. मॅडमनी मला लेखी समज दिली, ती माझ्या फाइलीत आहे आणि असायलाच हवी.

वॉर्डात परतले तर नर्सिंग काउंटरवर ती उभी. त्या दिवशी सकाळी साडेसातपासून उभी होती म्हणे, प्रत्येक डबा किती वाजता येतो ते लिहीत. इन्सुलिनच्या पानावरून आठचा आकडा गेला होता, त्या जागी एक चौकोन आला होता: जेवण समोर आलं का?

“ताई, आता बघा,” ती म्हणाली. “काही राहिलंय का?”

तिच्या कोर्सचा, खुर्चीचा, एसीचा मला चार महिने हेवा वाटला होता. पण त्या दुपारी माझ्याकडून तसं उत्तर मिळूनही तिने पुन्हा मलाच विचारलं, तेव्हा जेवढा वाटला तेवढा हेवा मला तिचा कधी वाटला नव्हता.

“राहिलंय,” मी म्हटलं. “गुरुवारी उपासवाले असतात. लिहून घे.”