बिनकाचेची गाडी आणि आमच्या सासूबाई

आमच्या सासूबाईंना गाडी लागते, हे आमच्या वालावली गावात शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे. मी वैभववाडीची. लग्न ठरलं तेव्हा मलाही पहिली बातमी हीच मिळाली. मुलाची आई गाडीत बसत नाही, तेव्हा लग्न मुलाच्या दारात, आणि आमचं वऱ्हाड टेम्पो भरून इकडे. माझा काका अजून त्यावरून कुरकुरतो. एसटी नको, रिक्षा नको, स्कूटरवर मागे बसणं तर नकोच. होडी तेवढी चालते. बाकी सासूबाई, म्हणजे सावित्रीबाई, घराबाहेर पडल्या की चालत. कुडाळचा बाजार चालत. माझं बाळंतपण झालं तेव्हा दवाखान्यात पेजेचा डबा घेऊन आल्या, त्याही चालत. पेज गार आणि यांचे पाय सुजलेले. मी खाटेवरून त्यांच्यावर ओरडले होते. मला असला हट्ट खपत नाही, स्पष्टच सांगते.

माझा नवरा गुरुदास. त्याचं गाड्यांचं गॅरेज आहे, म्हणजे बघा, गाडी लागणाऱ्या बाईच्या पोटी मेकॅनिक. त्याला एकच खंत. आईचं माहेर आंबोलीला, घाटाच्या वर, आणि आपली गाडी असून तिला तिथे नेता येत नाही. सासूबाई माहेराबद्दल भरभरून बोलतात. तिथला पाऊस, तिथलं धुकं, नाचणीची भाकरी, थोरला भाऊ. पण तीस-बत्तीस वर्षांत एकदाही गेल्या नाहीत. गुरुदास कॉलेजात असताना मोटरसायकलवरून एकटाच वर जाऊन आला होता. मामांनी चहा दिला. हा म्हणाला, आईला गाडी लागते म्हणून ती येत नाही. मामांनी मान हलवली. विषय संपला.

दसरा झाल्यावर गॅरेजमध्ये मितेशची गाडी आली. मितेशचं मालवणला हॉटेल आहे आणि डोक्यात कायम काहीतरी खूळ आहे. गाडी बघून मी विचारलं, हिचा अपघात झाला का? छप्पर नाही, दारं नाहीत, आणि समोरची काचसुद्धा नाही! दोन खुर्च्या, एक स्टिअरिंग, चार चाकं. गुरुदास हसला. म्हणाला, ही अशीच बनवतात. काच काढली, छप्पर काढलं की वजन जातं, मग गाडी नुसतं बोट लावलं तरी वळते. मी म्हटलं, जे काढून टाकलं त्याचेही पैसे मोजायचे म्हणजे कमाल आहे. पण तो ऐकतच नव्हता. तो गाडीभोवती फिरत होता आणि त्याचे डोळे चमकत होते.

त्याचं डोकं असं चाललं. आईला लागतं ते गाडी नव्हे, बंद गाडी. डिझेलचा वास, रेक्झिनचा वास, आणि काचेतून झाडं मागे पळताना दिसतात, त्यानं पोट ढवळतं. इथे काचच नाही, तर लागेल कशी? मितेशला विचारून संध्याकाळी तो गाडी घरी घेऊन आला आणि आईला म्हणाला, देवळापर्यंत तरी बस.

मी पिशवी आणि लिंबू घेऊन तयार. सासूबाईंनी गाडीकडे कितीतरी वेळ बघितलं. मग पदर कमरेला खोचून बसल्या. लक्ष्मीनारायणाच्या देवळापर्यंत जाऊन परत आल्या, तर चेहरा ओळखू येईना. केस पिंजारलेले, डोळ्यांतून पाणी, आणि हसू काही थांबेना. कापलेल्या भाताचा वास थेट नाकात येतो म्हणाल्या, कुणाच्या घरात कसली आमटी शिजतेय तेही कळतं, रस्त्यातल्या माणसाला हाक मारली तर तो ओ देतो. पिशवी कोरीच. दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं, आज खंय जावचा? कुडाळला जाऊन आल्या. पाट-परुळ्याला जाऊन आल्या. साठी उलटलेली बाई, पण बाजारात बायकांना हात करत होती. मी तर चक्रावलेच.

मग गुरुदास म्हणाला, रविवारी आंबोली.

झालं, गाडी एकदम वाईट झाली. तोंडात चिलट जातं. टेम्पोच्या चाकाचा खडा उडून कपाळाला लागला तर? धुळीनं घसा बसतो. शेजारी बसून एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, मग एकत्र जाऊन उपयोग काय? यातलं एकही खोटं नव्हतं, मी स्वतः एकदा बसले तेव्हा भुंगा गालावर असा आपटला की दोन दिवस गाल सुजला होता. पण हे सगळं कुडाळला जातानाही होतंच की! गुरुदासनं चष्मा आणला, हेल्मेट आणलं, नाकातोंडाला बांधायला सुती रुमाल आणला. एकेक वस्तू समोर आली की सासूबाईंचं तोंड आणखी उतरायचं. मला काही उमजेना. रात्री मी नवऱ्याला म्हटलं, अरे, त्यांना जायचंच नसेल. तो चिडला. माहेरी कोणाला जायचं नसतं, म्हणे. तेही खरंच.

रविवारी दोघं त्या गाडीत पुढे आणि मी मागून आमच्या व्हॅनमध्ये, फराळाचे डबे घेऊन. सावंतवाडीपर्यंत ऊन. घाट सुरू झाल्यावर गारवा आला आणि वरच्या वळणांना धुकं उतरलं. पाठोपाठ पाऊस, तोही आंबोलीचा, आडवा. मी वायपर लावला. पुढच्या दोघांना काय, डोळेच वायपर. गुरुदासनं एका चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली आणि सीटवर ताडपत्री टाकायला लागला. मामांचं घर तिथून दोन वळणांवर.

सासूबाई उतरल्या, सरळ माझ्याकडे आल्या, व्हॅनचं पुढचं दार उघडून आत बसल्या. काच वर केली. मी घाबरून पिशवी शोधायला लागले.

"ठेव ती," त्या म्हणाल्या. "माका गाडी कधी लागूकच नाय."

मी पिशवी खाली ठेवली. त्या समोर बघून बोलत होत्या, आवाज अगदी साधा. लग्न त्यांनी स्वतःच्या मनानं केलं होतं. घरच्यांना मुलगा पसंत नव्हता. त्या दिवसापासून भावानं तोंड फिरवलं. चतुर्थीला गावातल्या सुना माहेरी जायच्या, त्यांना न्यायला कोणी ना कोणी यायचं. यांना विचारायच्या, तू गे? "काय सांगतलंय? भाव बोलवणा नाय म्हणान?" म्हणून एकदा सांगितलं, गाडी लागते. ते सांगितल्यावर मग कुठल्याच गाडीत बसता येईना. माझ्या सासऱ्यांना हे ठाऊक होतं. तेही आयुष्यभर बायकोबरोबर चालत राहिले.

माझ्या डोळ्यांसमोर ते सुजलेले पाय आले आणि मला माझीच लाज वाटली. रागही आला. कोणाचा, ते कळेना. भावाची अब्रू राखायला कोणी इतकं चालतं? मी विचारलं, मग आता काय करायचं, वर जायचं की नाही?

"तो बोलवूक येवंदे," त्या म्हणाल्या. "घाट चलान चढतंय." भाऊ बोलवायला आला, तर उरलेला घाट पायीच चढणार.

तेवढ्यात गुरुदास निथळत आला. आईला बंद गाडीत बसलेली बघून त्याचा जीव वरखाली. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लागली त्यांना, खूप लागली. त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, थांब, मामाला तरी कळवतो. पावसात ऐकू येईना म्हणून फोनचा स्पीकर लावला. आई इथपर्यंत आलीय, म्हणाला. टपरीपाशी आहोत, पण तिला गाडी लागली.

मी मनात म्हणत होते, दोन वळणं फक्त, येतो म्हणा. एवढंच म्हणा.

"तिका गाडी लागता, माका म्हायत आसा," मामा म्हणाले. "परत न्हे तिका. जपान न्हे."

जपून ने, म्हणाले. मायेनं म्हणाले की दार लावून घेतलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. सासूबाईंनी व्हॅनचं दार उघडलं.

"व्हय," त्या फोनकडे बघून म्हणाल्या. "लागता माका."

मग जाऊन त्या भिजलेल्या खुर्चीत बसल्या. चष्मा नको म्हणाल्या, रुमाल नको म्हणाल्या, आणि गुरुदासला सांगितलं, गाडी सुरू कर, घराकडे वळव.