पायी चालणाऱ्या बिशपचा सण

कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी दिसली आणि तिथला सण पाहायला मी एकटीच मैत्रिणीच्या माहेरी पोचले. तिचे वडील जॉनभाऊ केंद्रातून निवृत्त झालेले, आई मार्थाबाई. दोघांचं दारातच वाजत होतं.

“यायचा गुडघा सुजून राह्यला, अन् पायी जायाचं म्हणते!” मार्थाबाईंनी माझ्याकडे गाऱ्हाणं मांडलं.

“तू पोहे वाढ वं,” जॉनभाऊ म्हणाले.

पोह्यांवर तर्री (चण्याचा जळजळीत रस्सा) होती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खाल्ली आणि पुन्हा मागितली.

इथल्या मूठभर ख्रिस्ती घरांचा एक रिवाज आहे. आपल्या संताच्या सणाला कोराडीहून शहरातल्या सदर भागातल्या चर्चपर्यंत पायी जायचं, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी थांबून दोन शब्द बोलायचे. हातात काठी घेऊन पुढे चालायचा मान कित्येक वर्षं जॉनभाऊंचा.

कोपऱ्यावरच्या दुकानालाही रिक्षा करणारी मी मुकाट्याने मागे निघाले. राखेने माखलेला रस्ता, अंगावर येणारे कोळशाचे ट्रक. जॉनभाऊ मात्र टपरीवाल्यापासून ट्रकच्या क्लीनरपर्यंत सगळ्यांची विचारपूस करत होते. मध्येच मला संताची गोष्ट सांगत होते. फार जुन्या काळचा हा मठवासी. खडकाळ बेटावरच्या मठातून परक्या मुलखात धर्म सांगायला आला, बिशप झाला, पण पायी चालणं सोडलं नाही. त्याला तिथली भाषा येईना, तर खुद्द राजा दुभाषा व्हायचा. नद्या ओलांडायला राजाने त्याला उमदा घोडा दिला. वाटेत एक भिकारी भेटला, तर याने खोगिरासकट घोडा त्याला देऊन टाकला! राजा चिडला, पण बिशप पुन्हा पायीच निघाला.

वाटेतल्या मानकापूरच्या अलीकडे जॉनभाऊ कठड्यावर टेकले आणि त्यांना उठवेना. सगळे थांबले. एक ऑटोवाला जवळ आला.

“काका, बसा ना. माहा ऑटो रिकामाच हाये.”

“नाही गा. ऑटोत बसलो तं माहा सन संपला.” त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं.

मार्थाबाई पुढे आल्या. “बिशपनं घोडा देल्ला, तं भिकाऱ्यानं घेतला का नाही? तो नाही म्हणला असता, तं बिशपचं देनं कुठं राह्यलं असतं? आज तुमची पाळी घ्याची हाये. बसा जी.”

जॉनभाऊंनी ऑटोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते आत चढले. त्यांची काठी मार्थाबाईंनी घेतली आणि त्याच पुढे चालू लागल्या. शेजारून ऑटो बैलगाडीच्या चालीने येत होता. जॉनभाऊ आतून लोकांना हाका मारत होते.

सदरच्या चर्चमध्ये फादरनी तीच गोष्ट सांगितली. प्रार्थना झाल्यावर मी त्यांना विचारलं, “त्या भिकाऱ्याचं नाव काय होतं?”

फादर म्हणाले, “कुणी लिहून ठेवलं नाही.”

दुसऱ्या दिवशी निघताना जॉनभाऊ म्हणाले, “पुढच्या सनालेबी येजो. मी ऑटोत राहीन.” हसत होते, पण ते म्हणायला त्यांना किती लागलं असेल, ते मला कळत होतं.

परतीच्या गाडीत वाटलं, लहानपणापासून दानशूरांच्या किती गोष्टी ऐकल्या आपण! प्रत्येक वेळी मनातल्या मनात देणाराच झालो. समोर हात पसरून उभं राहणाऱ्याच्या जागी मी स्वतःला एकदाही ठेवून पाहिलं नव्हतं.