घाटघरच्या धुक्यात केलेला फोन

"साहेब, धुकं बसलंय. बोनेट दिसंना. उघडलं की निघतो," आमचे जीपचालक किसनमामा घाटघरहून फोनवर म्हणाले.

मी रिसॉर्टच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर होतो. "मामा, शीटवर परत यायची वेळ साडेबारा आहे. गाडीतल्या गेस्टना पुण्याला निघायचंय. त्यांचे मला दोन फोन आले."

"पाच गाड्या थांबल्यात हितं."

"मी सांगतोय ना, निघा."

मग ते म्हणाले, "बरं."

भंडारदऱ्याला पोचणं सोपं आहे. संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीत उतरायचं. खरं काम पुढे असतं. धरणाला वळसा घालणारा रस्ता रतनवाडी, साम्रद, घाटघर करून परत शेंडीला येतो. त्यावरून गेस्टना फिरवायला आम्ही जीप देतो. कोणती जीप कधी निघेल, कधी परतेल, याचा कागद म्हणजे ट्रिप शीट. ती मी कॉम्प्युटरवर बसवली होती. अंतर घेतलं, वेगाने भागलं. पावसाळ्यात त्या रस्त्याने मी स्वतः एकदाही फिरलो नव्हतो.

घाटघरला कड्यावरून धुकं एकदम वर येतं. तिथल्या चालकांची एक रीत आहे. पहिली गाडी थांबली की बाकीच्या तिच्या मागे रांगेत थांबतात. पुढच्याने काढल्याशिवाय मागचा काढत नाही. माझ्या शीटवर या थांबण्याचं नाव 'डिले' होतं आणि मी तो लाल रंगात दाखवायचो.

मामांनी रांग मोडून जीप काढली. तिसऱ्या वळणावर डावं चाक रस्त्याकडेच्या चारीत गेलं, जीप कलली. गेस्टच्या पत्नीचं मनगट मोडलं.

संध्याकाळी मॅनेजर मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "धुक्यात गाडी का काढलीत?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगा की, साहेब."

मी म्हणालो, "रेंज नव्हती, मॅडम. मी थांबाच म्हणत होतो. त्यांना नीट ऐकू गेलं नसेल."

"व्हय का?" मामा एवढंच म्हणाले. किल्ली टेबलावर ठेवून बाहेर गेले. त्यांचं काम सुटलं. रिपोर्ट मीच टाइप केला.

आमचं घर पाथर्डी तालुक्यातलं. आई-वडील ऊसतोडीला जात. उसाचा ट्रॅक्टर कलंडला की मुकादम म्हणायचा, यांनीच भरला वाकडा. वडील सांडलेला ऊस पुन्हा भरायला लागायचे. त्यांनी मला पदवीपर्यंत शिकवलं, आणि मी खुर्ची मिळताच मुकादमाचंच वाक्य बोललो. नोकरी जाईल ही भीती खरी होती. पण मामांनाही घर होतं.

पाचव्या दिवशी पुन्हा धुकं आलं. दुसऱ्या एका चालकाला फोन केला. तो म्हणाला, "थांबू का निघू, साहेब? नीट सांगा बरं. नंतर म्हनाल, रेंज न्हवती." मागे चार-पाच जण हसले.

फोन ठेवून मी केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "नवनाथ, पाच दिवस का लागले?"

त्यांनी मला डेस्कवरून काढून चादरी-टॉवेलच्या स्टोअरला बसवलं. रिपोर्ट माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतला. म्हणाल्या, "आणि त्यांना बोलवायला तू जा. एसटीने."

रतनवाडीत, आपल्या गावी, मामा भाताच्या खाचरात गवत उपटून बेणणी करत होते. मी बांधावर उभं राहून माफी मागितली. त्यांनी हातातलं गवत बाजूला टाकलं.

"शिकल्याल्या मानसानं खोटं तरी नीट बोलावं. रेंज फुल हुती."

"मामा, परत या. मॅडमना सगळं सांगितलंय."

"येतो. घरी बसून भागत न्हाई. पन म्या गाडीवर असताना तुमचा फोन उचलनार न्हाई."

"नका उचलू."

मामा दुसऱ्या दिवशी कामावर आले. मला डेस्क परत मिळायला पुढचा उन्हाळा उजाडला. तेव्हापासून पावसाळ्यातल्या शीटवर परतीच्या वेळेचा रकाना कोरा असतो. गेस्ट चिडतात, त्यांना मी उत्तर देतो. परतीची वेळ गाडी परत आल्यावर चालक लिहितो.