अकरा नंबरची पाटी

करुणा मॅडम मे अखेरीला निवृत्त होणार, म्हणून कॉलेजच्या भूगोल विभागातलं त्यांचं कपाट रिकामं करायला शिपाई सखाराम आला. तळाच्या कप्प्यात थर्माकोलची एक पाटी निघाली, वर चांदीचा कागद, अगदी कोरी करकरीत. सखारामनं ती भंगाराच्या ढिगात टाकली आणि मॅडम त्याच्यावर खेकसल्या. उभ्या नोकरीत ज्यांनी कुणाला अरे म्हटलं नाही, त्या मॅडम! बिचारा बघतच राहिला.

आता त्याला काय माहीत? वीस वर्षांपूर्वी मॅडम तासिका तत्त्वावर शिकवायच्या. गारखेड्याहून स्कूटीवर निघायच्या आणि दौलताबादच्या आसपास वीस गावांत वीस घरांच्या धाब्यांवर अशा पाट्या बांधून यायच्या. गार आदळली की पाटीवर खड्डा पडतो, खड्डा मोजला की गार केवढी होती ते कळतं. लोक हसायचे, शिकलेली बाई लई वाया गेली म्हणायचे. पण दोन महिन्यांवर कायम जागेची मुलाखत होती, आणि गारपिटीवर शोधनिबंध नसेल तर ती जागा गेलीच म्हणून समजा.

चैत्रात एका दुपारी गारपीट झाली. ती मेली अशीच असते, एक शिवार झोडपते नि शेजारचं कोरडं ठेवते. एकोणीस गावांत टिपूस नाही. पडली ती फक्त भामाबाईंच्या गावावर; त्यांच्या धाब्यावर अकरा नंबरची पाटी होती. करुणा दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचली, तर धाब्यावरची पाटी गुळगुळीत!

भामाबाई मोठ्या खुशीत होत्या. मॅडमची वस्तू आपल्या घरी फुटली, आता तोंड कसं दाखवायचं, म्हणून त्यांनी टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल कापून, मिठाईवाल्याकडून कागद आणून नवीकोरी पाटी केली होती. मागून आणलेलं भांडं फुटलं तर नवं द्यायचं, हीच त्यांच्या घरची रीत. फुटकी पाटी बंबात गेली होती.

करुणा ओट्यावर बसली आणि ढसाढसा रडली. रडत रडतच तिनं खड्डे म्हणजे काय ते सांगितलं. तशी भामाबाईंनी पाठ फिरवून पदर नि चोळी खाली घेतली. भर गारपिटीत त्या पाटी वाचवायला धाब्यावर चढल्या होत्या. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठ काळीनिळी झाली होती.

"पाटीवरचं गेलं माय, पण हे हाय की," त्या म्हणाल्या. "टेप काढ. मोज."

करुणानं टेप पर्समध्ये टाकली. आत जाऊन तेल-हळद कोमट केली आणि ती पाठ हलक्या हातानं चोळत बसली. जागा दुसऱ्याला मिळाली. तिला कायम व्हायला पुढं चार वर्षं लागली, आणि तोवर भामाबाई राहिल्या नव्हत्या.

नोंदवहीत अकरा नंबरपुढं आजही 'माहिती नाही' एवढंच आहे. पण मॅडमना विचारा. डाग तेरा होते, आणि सगळ्यात मोठा डाव्या खांद्यावर, लिंबाएवढा.